जुन्या डेस्कटॉपचा कीबोर्ड-माऊस रुसला तर सुरुवात कुठून करावी?

खटपट्या

जुन्या डेस्कटॉपचा कीबोर्ड मेला किंवा माऊस अडखळायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘ड्रायव्हर टाकून बघा.’ आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. साध्या कीबोर्ड-माऊसचे ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असतात, ते सहसा आपणहून बिघडत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की आधी दोष विंडोजच्या अलीकडचा आहे की पलीकडचा, हे ठरवावं. स्क्रूड्रायव्हर आणि माऊसची टिचकी, दोन्ही त्यानंतर.

त्याला पाच मिनिटं पुरतात. मशीन चालू करताना कीबोर्डवरच्या दिव्यांकडे बघा. पीएस/२ (जुन्या, गोल प्लगच्या) कीबोर्डचे तिन्ही दिवे क्षणभर लुकलुकतात. ती कीबोर्डची स्वतःची चाचणी असते. वीज पोचली आणि आतली चिप जिवंत आहे, असा त्याचा अर्थ. मग डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर जा आणि बाणांच्या कळा चालवून पाहा. चालल्या, तर कीबोर्ड, वायर आणि पोर्ट तिघेही सुटले. आरोपी विंडोजमध्ये आहे. विंडोजमध्ये गेल्यावर कॅप्स लॉक दाबा. तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही, विंडोजकडून हुकूम आल्यावर लावतो. दिवा लागला-विझला तर निरोप जातोय आणि उत्तर परतही येतंय.

आता प्रश्न. एक केस अडली आहे. विंडोज १०, जुना मदरबोर्ड, जांभळ्या पोर्टात पीएस/२ कीबोर्ड. बायोसमध्ये सगळ्या कळा ठणठणीत, लॉगिनच्या पडद्यावर ठार. दुसरा पीएस/२ कीबोर्ड लावला तरी तेच. माऊस यूएसबी, वायरवाला. तो चालतो, पण थोडा वेळ हात लावला नाही की झोपतो. हलवून उठत नाही, बटण दाबलं की उठतो. कीबोर्डचा ड्रायव्हर काढून परत घातला, उपयोग शून्य.

टकटक

म्हणजे बंब सोमेश्वरी नेऊन झाला तर! :)

माऊसचं सोपं आहे. हे यूएसबीचं वीज वाचवणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ उघडा. तिथल्या प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. जुन्या बोर्डांवर असे चार-सहा रूट हब सहज असतात, सगळ्यांची काढा. एकाचीच काढून ‘फरक पडला नाही’ म्हणून लोक परत येतात. शिवाय पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

कीबोर्डबद्दल एक विचारतो: मशीन शटडाऊन करून चालू केल्यावर कीबोर्ड मरतो, की रीस्टार्ट केल्यावरसुद्धा?

जांभळीपिन

पीएस/२ वर थोडं, कारण ‘जुना डेस्कटॉप’ म्हटलं की तो आलाच. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ मालिकेच्या संगणकांबरोबर तो आणला, नाव तिथलंच चिकटलं. सहा पिनांचा गोल कनेक्टर. जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा. अर्धा जांभळा-अर्धा हिरवा असेल तर दोन्हींपैकी काहीही चालतं. पिन १ डेटा, ३ ग्राउंड, ४ वर ५ व्होल्ट, ५ क्लॉक. २ आणि ६ साधारणपणे रिकाम्या.

नेहमीची चूक म्हणजे मशीनच्या मागे अंधारात हात घालून कनेक्टर फिरवत फिरवत दाबणं. पिना केसासारख्या बारीक, लगेच वाकतात. उजेडात धरून बघा. वाकलेली पिन सरळ करायला शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलचं टोक उत्तम. पिनेवर चढवायचं आणि हळूच उभं करायचं. चिमट्याने ओढाताण केली की पिन हातात येते.

आणि चालू मशीनमध्ये पीएस/२ काढ-घाल करू नये.

सोल्डरधूर

शेवटच्या वाक्याशी असहमत. चालू मशीनमध्ये काढ-घाल केली तरी काहीही होत नाही, उगाच बाऊ केला जातो.

जांभळीपिन

@सोल्डरधूर, बहुतेक वेळा होत नाही, हे मान्य. पण यूएसबीच्या प्लगमध्ये विजेच्या दोन पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, म्हणून आधी वीज टेकते आणि मग डेटा. पीएस/२ मध्ये अशी सोय नाही, कुठली पिन आधी टेकेल याचा नेम नाही. वाकडा घुसला आणि ५ व्होल्ट ग्राउंडला टेकले की सॉकेटजवळचा छोटा फ्यूज जातो. मग नवा कीबोर्ड आणला तरी दिवे लुकलुकत नाहीत आणि माणूस बोर्ड मेला म्हणून मोकळा होतो. मशीनची वायर काढून त्या फ्यूजच्या दोन टोकांवर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) लावायचा. बीप नाही म्हणजे फ्यूज गेला. काही बोर्डांवर स्वतःहून सावरणारा फ्यूज असतो. मशीन पूर्ण बंद करून काही मिनिटं थांबलं की तो परत जोडला जातो.

दुसरं कारण फ्यूजचं नाही, वागणुकीचं आहे. पीएस/२ माऊसला वीज मिळाली की तो मुका बसतो. ‘आता हालचाल कळव’ असा हुकूम संगणकाकडून आल्याशिवाय काही पाठवत नाही. हा हुकूम सुरुवातीला एकदाच जातो. मधेच काढून घातलेला माऊस म्हणूनच अनेकदा मेल्यासारखा वाटतो. कीबोर्डला हा नियम नाही, वीज आली की तो कळा पाठवायला लागतो. तुमचा ‘काहीही होत नाही’ हा निष्कर्ष बहुधा कीबोर्डवरून काढलेला असणार.

सोल्डरधूर

माऊसचं कारण पटलं. फ्यूजचंही अर्धं पटलं. :)

कर्सरहरवला

यूएसबी कीबोर्डवाल्यांसाठी उलटी केस. विंडोजमध्ये चालतो, बायोसमध्ये नाही. बायोसमध्ये ‘यूएसबी लेगसी सपोर्ट’ किंवा ‘यूएसबी कीबोर्ड सपोर्ट’ नावाची ओळ असते, ती बंद असणार. गंमत अशी की ती चालू करायला बायोसमध्ये जावं लागतं आणि जायला कीबोर्ड लागतो.

काही जुन्या बोर्डांवर हे आपोआप घडतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. तो उतरला की मशीनची वीज काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि मूळपद ‘यूएसबी कीबोर्ड बंद’ असं असेल तर संपलं. पडद्यावर येतं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा.

टकटक

जो सापडतच नाही त्याच्यावरची एफ१ दाबायची. संगणकाच्या इतिहासातला सर्वात प्रामाणिक विनोद.

कर्सरहरवला

अगदी. :) उपाय: एक पीएस/२ कीबोर्ड उसना आणा, मशीन बंद असताना लावा, बायोसमध्ये जाऊन लेगसी सपोर्ट चालू करा आणि सेल बदला. घड्याळ प्रत्येक वेळी मागे जात असेल तर सेलच आहे, वेगळा पुरावा नको. कीबोर्डशिवाय चालवायचं मशीन असेल तर ‘हॉल्ट ऑन’ या ओळीत ‘ऑल, बट कीबोर्ड’ निवडा.

यूएसबी कीबोर्डला पीएस/२ चा छोटा हिरवा-जांभळा अडॅप्टर लावून भागेल असं समजू नका. त्या अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात, रूपांतर काही होत नाही. कीबोर्डच्या चिपला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो.

अधोरेखा

यूएसबीमध्येच अजून एक फसवा प्रकार. विंडोज ७ नव्याने टाकताना कीबोर्ड-माऊस बायोसमध्ये चालतात आणि इन्स्टॉलेशनच्या पहिल्या पडद्यावर दोन्ही मरतात. विंडोज ७ सोबत यूएसबी ३ चे ड्रायव्हर येत नाहीत. निळ्या पोर्टातून काढून काळ्या पोर्टात लावा, म्हणजे यूएसबी २ मध्ये. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

तपासणी नेहमी मागच्या पोर्टात करा, जो थेट बोर्डावर आहे. पुढच्या पॅनेलची पोर्टं आतल्या वायरीने जोडलेली असतात. ती वायर सैल असते, कधी उलटी लावलेली असते, आणि पोर्टातली चपटी जीभ मोडून पट्ट्या एकमेकींना टेकल्या असतील तर बोर्ड यूएसबीचा जास्त प्रवाह ओळखून मशीनच बंद पाडतो. तसा संदेश आला तर सगळं काढायच्या आधी टॉर्च घेऊन पुढच्या पोर्टात बघा.

काही जुन्या बोर्डांवर यूएसबी आणि पीएस/२ च्या विजेसाठी छोटा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो, ५ व्होल्ट की स्टँडबाय ५ व्होल्ट हे ठरवणारा. तो निसटला तर पोर्टाला वीजच नाही. मशीन बंद केल्यावरही माऊसचा लाल दिवा जळत राहतो तो त्या स्टँडबायमुळे, बिघाड नव्हे.

एकशेचार

कीबोर्डच्या आत काय बिघडतं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर.

स्वस्त कीबोर्ड म्हणजे रबराच्या टोप्या आणि त्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ पडदे. वरच्या-खालच्या पडद्यावर चांदीच्या शाईच्या रेषा, मधला पडदा भोकांचा. कळ दाबली की वरची रेषा भोकातून खालच्या रेषेला टेकते. कळा एकेकट्या जोडलेल्या नसतात, आडव्या-उभ्या जाळीत असतात. म्हणून एकच कळ मेली तर त्या जागची घाण किंवा रबर, पण एकमेकींशी संबंध नसलेल्या चार-सहा कळा एकदम मेल्या तर एक अख्खी रेष तुटली. हे कळलं की अर्धं काम झालं.

उघडताना मागचे सगळे स्क्रू काढा. निघत नसेल तर जोर लावू नका, एक स्क्रू स्टिकरखाली दडलेला असतो. बोटाने दाबत गेलात की खड्डा लागतो. रबराच्या टोप्या सुट्या असतील तर कीबोर्ड पालथा ठेवूनच उघडा, नाहीतर शंभर टोप्या घरभर वेचत बसाल. पडद्याची शेपटी छोट्या सर्किट बोर्डावर नुसती दाबून बसवलेली असते, वर रबराची पट्टी आणि दोन-तीन स्क्रू. जुन्या कीबोर्डात बऱ्याचदा दोष इथेच असतो. स्क्रू सैल, संपर्कावर काळपट थर. खोडरबराने बोर्डावरची टोकं हलकेच घासा, चुरा ब्रशने झटका, स्क्रू सारखे आवळा. पडद्यावरचे काळे ठिपके मात्र घासू नका. तो कार्बन आहे, निघून येईल.

तुटलेली रेष उजेडासमोर धरली की दिसते, पाणी गेलं असेल तर काळी-हिरवट. मल्टिमीटरने खात्री करा; थोडा रोध दाखवला तरी चालतं, काहीच दाखवलं नाही तर तुटली. सोल्डरचा विचारही करू नका, पडदा वितळतो. विद्युतवाहक चांदीचा रंग मिळतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधे रेषेएवढी फट ठेवायची, काडीच्या टोकाने रंग लावायचा, वाळला की पट्ट्या काढायच्या. शेजारच्या रेषेला रंग लागला तर एक कळ दाबून दोन अक्षरं येतील.

गोड पेय सांडलं असेल तर आधी प्लग काढा, कीबोर्ड पालथा करा. पडदे वेगळे करून डिस्टिल्ड वॉटरने पुसा, साखर पाण्यानेच सुटते. मग एक-दोन दिवस उघडे ठेवून वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, पडदे आक्रसतात आणि भोकं जागेवरून सरकतात. कळा उपटण्याआधी फोटो काढा. स्पेसबार एका टोकाला अडकत असेल तर खालची तार खोबणीतून सुटलेली असते. तिच्या टोकांना सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरे. शिवणयंत्राचं तेल अजिबात नको, धूळ धरून आठवड्यात लापशी होते.

निवांतस्क्रोल

दिव्यांच्या चाचणीनंतर हाच प्रतिसाद वाचनखुणेसाठी. अवांतर: ‘कळ’ म्हणजे बटणही आणि दुखणंही. ज्याने कळफलक हा शब्द केला त्याला पुढचं सगळं दिसलं असावं.

अधोरेखा

‘सहन करता येत नाहीत इतक्या कळा’ असं सांगितलं तर मेकॅनिक विचारेल, १०१ की १०४?

तिसरंबटण

माऊसकडे येऊ. सर्वात मोठी तक्रार: एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं. आधी माऊसच्या सेटिंगमधला डबल-क्लिकचा वेग बघतात लोक. त्याचा इथे संबंध नाही. बटणाखालच्या छोट्या स्विचमध्ये तांब्याची कमानदार पट्टी असते, ती मऊ पडते किंवा संपर्कावर थर चढतो आणि एका दाबात संपर्क दोनदा होतो. खात्री करायला नियंत्रण पॅनेलमधून डावं-उजवं बटण अदलाबदल करा. दुहेरी क्लिक उजव्या बोटाखाली गेली नाही, डाव्याच बोटाखाली राहिली, तर स्विचच. मग स्विच बदलणं हाच उपाय, तीन पायांचा सोल्डर.

सोल्डरधूर

बदलायची घाई का? कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीस-तीस वेळा टिचक्या मारल्या तर बरेच दिवस निघतात.

तिसरंबटण

थर असेल तर निघतात. पट्टी मऊ पडली असेल तर नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फवारा मारून बघा, महिन्याने परत आलं तर स्विच बदला. मधल्या बटणाचा स्विच बहुधा क्वचितच वापरलेला असतो. त्याची बनावट तीच असेल तर तो काढून डाव्याला लावा, मधल्याला जुना.

बाकी थोडक्यात. माऊसचे स्क्रू पायाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली असतात. कर्सर उड्या मारत असेल तर माऊस साध्या कोऱ्या कागदावर चालवून बघा. कागदावर नीट चालला तर दोष टेबलाच्या काचेचा किंवा चकाकीचा. तिथेही उडत असेल तर भिंगाच्या खड्ड्यात केस अडकलाय का बघा, एकच केस पुरतो. स्क्रोल उलटसुलट जात असेल तर चाकाशेजारच्या एन्कोडरमध्ये (चाकाचं फिरणं मोजणाऱ्या भागात) धूळ. वायर हलवली की माऊस सुरू-बंद होत असेल तर वायर माऊसमधून बाहेर येते त्या मानेपाशी तुटली आहे. तिथून पाच-सहा सेंटीमीटर कापून टाका आणि परत जोडा. प्रमाण रंग लाल ५ व्होल्ट, काळा ग्राउंड, पांढरा आणि हिरवा डेटा, पण माऊसवाले रंगांचं मनावर घेत नाहीत. कापण्याआधी कुठली तार कुठे, हे लिहून ठेवा.

गोळीचा माऊस अजून वापरणारा कोणी असेल तर: खालची चकती फिरवा, गोळी काढा. आत तीन रूळ दिसतील, दोन कर्सरचे आणि तिसरा गोळी दाबून धरणारा. कर्सर आडवा चालतो आणि उभा अडतो म्हणजे कर्सरच्या दोनपैकी एका रुळावर मळाची अंगठी बसली आहे. लाकडी टूथपिकने खरवडा, रूळ हळूहळू फिरवत. गोळी साबणाच्या पाण्याने धुवा.

निवांतस्क्रोल

वायरलेसवाल्यांसाठी भर: रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क, आणि कर्सर तुटक चालतो. यूएसबी ३ च्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झच्या उपकरणांना त्रास होतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपणच काढलं होतं. रिसीव्हर अर्धा-एक मीटर एक्स्टेंशन वायरीने बाहेर, टेबलावर आणा. सेल बदलण्याआधी हे करा.

एकशेचार

बिघाड नसलेले बिघाडही सांगून ठेवतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोज ‘फिल्टर कीज’ चालू करू का, असं विचारतं. कोणीतरी न वाचता ‘हो’ म्हणतं, आणि मग कळ बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. पाच वेळा शिफ्ट म्हणजे ‘स्टिकी कीज’, शिफ्ट-कंट्रोल सोडल्यावरही दाबलेलीच धरणारी सोय. @ च्या जागी " येतंय म्हणजे ब्रिटिश मांडणी लागली आहे. पासवर्ड चुकतोय म्हणणाऱ्यांनी आधी इन्स्क्रिप्ट ही मराठीची मांडणी चालू नाही ना, हे कोपऱ्यात बघावं. आणि तीन-चार कळा एकदम दाबल्यावर एखादी उमटत नसेल तर तो त्या जाळीचा स्वभाव, दुरुस्ती नाही.

खटपट्या

@टकटक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देतोय. रीस्टार्ट केलं तर कीबोर्ड व्यवस्थित चालतो. शटडाऊन करून चालू केलं की मेलेला. दोन्ही तीन-तीन वेळा करून बघितलं, दर वेळी तेच.

टकटक

मग सापडला. विंडोज ८ पासून शटडाऊन हा खरा शटडाऊन नसतो. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. काही जुन्या बोर्डांवर त्या उचलाउचलीत पीएस/२ चा कंट्रोलर नीट जागा होत नाही.

रीस्टार्ट करून कीबोर्ड जिवंत करा, किंवा लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातल्या सुलभतेच्या चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड घेऊन माऊसने पासवर्ड टाका. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. खालच्या खुणा फिकट दिसतील, म्हणून आधी वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर टिचकी. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा, सेव्ह करा.

अधोरेखा

एवढ्याने झालं नाही तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) सर्व्हिसेसखाली ‘आय८०४२पीआरटी’ बघा, तो पीएस/२ चा ड्रायव्हर. ‘स्टार्ट’ची किंमत ३ असेल तर १ करा, म्हणजे तो मागणीची वाट न बघता सुरुवातीलाच उठतो. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा.

आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळं चिन्ह, कोड १९ किंवा ३९ असेल तर रजिस्ट्रीत कीबोर्डच्या क्लासमधली ‘अप्परफिल्टर्स’ ही नोंद तपासा. तिथे ‘केबीडीक्लास’ हवंच. काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव सोबत उरलं असेल तर फक्त तेवढं खोडा. ‘केबीडीक्लास’ खोडलंत तर यूएसबीसकट सगळे कीबोर्ड बसतील.

खटपट्या

रजिस्ट्रीपर्यंत जावं लागलं नाही. फास्ट स्टार्टअप बंद केलं, शटडाऊन केलं, चालू केलं: लॉगिनला कीबोर्ड हजर. सलग चार वेळा. सुरू व्हायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, चालेल.

माऊसही झोपायचा थांबला. रूट हब सात निघाले.

टकटक

सातही?

खटपट्या

सहांची काढून बघितली होती. सातवा राहिला होता, माऊस नेमका त्याच्यावर. :)